सुपारी, उचल, मानधन

१८५१ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन वारले आणि विष्णुदास भाव्यांची नाटक मंडळी उघड्यावर पडली. आठ वर्षांपूर्वी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, याच राजाच्या सांगण्यावरून भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं होतं. खर्च दरबारचा, कौतुकही दरबारचं. राजा गेल्यावर नव्या कारभाराने हात आखडता घेतला आणि भावे मंडळींना घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी दिन आपण ५ नोव्हेंबरला पाळतो, ते ठीकच आहे. धंदा म्हणून रंगभूमी जन्मली ती मात्र दहा वर्षांनी, तिकिटाच्या खिडकीवर.

कलावंताने जगायचं कशावर, हा प्रश्न सातारा-सांगलीत विचारावा, कारण त्याची बहुतेक सगळी उत्तरं या मुलखात देऊन झाली आहेत. (दोन जिल्हे ही तशी अलीकडची वाटणी. १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं.) संस्थानिकाचा आश्रय, नाटक कंपनीचा पगार, जत्रेची सुपारी, गाण्याची शिकवणी, मासिकाचा मोबदला, आकाशवाणीचा करार, सरकारी मानधन, आणि आता टीव्ही मालिकेतला दिवसाचा रोज, असं सगळं इथे झालं आहे, बरंचसं अजून चालू आहे. ते सगळं एकत्र मांडून पाहिलं की एक गोष्ट खटकते. कलावंताला आधार मिळतो तो उमेदवारीत, बक्षीस म्हणून. नाहीतर हातपाय थकल्यावर, मानधन म्हणून. पंचविशी ते पन्नाशी ही जी खरी कामाची वर्षं, ज्या वर्षांत पोरं शाळेत असतात आणि आईबाप अंथरुणाला टेकलेले असतात, त्या वर्षांसाठी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही.

राजाश्रयाच्या आठवणीने गहिवरायची आपल्याला सवय आहे, आणि औंधात गेल्यावर गहिवर यावा असं पुष्कळ आहेही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. त्यांनी स्वतः काढलेलं चित्ररामायण छापलं. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार आणि पुढे वेदांचे भाष्यकार झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये औंधात आले ते त्यांच्याच भरवशावर. गायक अंतूबुवा जोशी दरबारात होते, त्यांचे चिरंजीव गजाननबुवा त्याच वातावरणात वाढले. १९३८ मध्ये डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उघडलं. खटाव तालुक्यातल्या त्या एवढ्याशा गावात आजही राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प पाहायला मिळतं. किती मोठ्या राज्यांच्या राजधान्यांना हे जमलं नाही.

पण आश्रयाची लांबी आश्रयदात्याच्या आयुष्याएवढी असते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. संग्रहालय सरकारकडे गेलं म्हणून टिकलं. दरबारी गवई ही जागा कोणत्याच सरकारी खात्याच्या आस्थापनेवर नव्हती, ती सुटली ती सुटलीच. सांगलीत १८५१ मध्ये झालं तेच औंधात शंभर वर्षांनी झालं. औंधच्या राजाचा सगळ्यात टिकाऊ आश्रय, माझ्या मते, त्याने कलेसाठी दिलेलाच नव्हता. १९१० मध्ये कुंडलजवळचं माळरान त्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलं. त्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिक सुरू केलं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ काढली. शंकरराव स्वतः व्यंगचित्रकार होते. नांगराच्या कारखान्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या मासिकांनी दोन पिढ्यांच्या लेखकांना आणि चित्रकारांना महिन्याच्या महिन्याला काम पुरवलं. सत्कार किंवा शालजोडी यांपेक्षा ठरल्या तारखेला हवं असलेलं चित्र कलावंताला जास्त जगवतं.

नियमित कामाचं दुसरं मोठं उत्तर मिरजेतून निघालं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १८९६ मध्ये गाव सोडून बाहेर पडले. गवयाला दरबारात आणि समाजात मिळणारी वागणूक त्यांना सलत होती. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या देणगीवर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेली. १९३१ मध्ये ते वारले तेही मिरजेतच. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि ‘प्रवेशिका’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षांचं जे जाळं विणलं गेलं त्याचा कारभार मिरजेशी कायमचा जोडला गेला.

या परीक्षांना नाकं मुरडणारे बरेच आहेत. परीक्षेने गवई घडत नाही हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. परीक्षेने गाण्याचा शिक्षक मात्र घडला. कराड, इस्लामपूर, तासगाव, फलटण अशा गावांत पेटी-तबल्याचा क्लास चालवून घर चालवता येतं ते पोरांना परीक्षेला बसायचं असतं म्हणून. या दोन जिल्ह्यांत संगीतावर जगणारी माणसं मोजायला बसलो तर गाणारे बोटांवर आणि शिकवणारे शेकड्यांनी निघतील. मधल्या वर्षांचा प्रश्न ज्याने अंशतः का होईना सोडवला तो माणूस पलुसकर, आणि त्यांना ते करताना स्वतःची इमारत गमवावी लागली.

१९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि आणखी एक आधार मिळाला. ध्वनिचाचणी द्यायची, ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ अशी श्रेणी मिळवायची, मग वर्षाला ठरावीक करार यायचे. पैसा थोडा असे. पण ‘आकाशवाणी कलाकार’ ही अक्षरं पत्रिकेवर छापता येत, त्यावर जत्रेचा नि गणपतीचा दर वाढवून मागता येई. आता स्थानिक केंद्रांवरचे नवे कार्यक्रम आटले आहेत, तशी ही पायरीही झिजली आहे.

नाटक कंपन्यांची गोष्ट इथे लांबवत नाही, ती मराठी वाचकाला पाठ आहे. हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर, मूळचे नागठाण्याचे बालगंधर्व, सांगलीत बिऱ्हाड केलेले दीनानाथ मंगेशकर. एवढंच सांगायचं की कंपनी हे त्या काळचं नोकरीचं ठिकाण होतं. पगार, दोन वेळचं जेवण, आजारपणात मालकाची जबाबदारी. जोखीम सगळी मालकाच्या डोक्यावर, आणि मालक बहुधा स्वतःच मुख्य नट. १९१३ मध्ये निघालेली गंधर्व नाटक मंडळी यशाच्या शिखरावर असतानाही कर्जात होती. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी बोलपटाच्या नादात खचली. चांगला नट म्हणजे चांगला हिशेबनीस, असं गृहीत धरणारी ती व्यवस्था होती.

तमाशाचा फड अजूनही त्याच व्यवस्थेवर चालतो, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. हा मुलूख तमाशाचाच. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, कुलकर्णीपणाचं वतन टाकून फडात गेलेले. अफाट नाव कमावून १९४५ मध्ये हलाखीत गेले. ‘जहरी प्याला’ गाजवणारे जुळे भाऊ काळू-बाळू कवलापूरचे. आणि शाहिरीत अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, शाहीर साबळे पसरणीचे.

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतं. काही फड पूर्णवेळ, म्हणजे सात-आठ महिने तंबू-कनात घेऊन फिरणारे. बाकीचे हंगामी, चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांपुरते. पाडव्याच्या सुमाराला जत्रा कमिटीची माणसं नारायणगावसारख्या ठिकाणी फडांच्या राहुट्यांवर जातात आणि सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं: नाचणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, वगात राजा होणारा, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कलावंत मालकाकडून उचल घेतो. पावसाळ्यात घर चालवलेलं असतं, शाळेची फी असते, कुणाचं लग्न असतं. मालकाकडे तरी पैसा कुठला? तो सावकाराकडून घेतो. हंगामभर पगारातून उचल फिटते आणि पुढच्या आषाढात पुन्हा नवी लागते. एखाद्याला फड बदलायचा असेल तर नव्या मालकाने जुन्याची उचल फेडायची, तेव्हा सुटका. ऊसतोड मजुरांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही. माणगंगेच्या दुष्काळी पट्ट्यात दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदतात.

म्हणजे तमाशा कलावंताची पहिली गरज काय? अनुदानाच्या आधी त्याला आषाढ-श्रावणात रास्त व्याजाने मिळणारे वीस-पंचवीस हजार रुपये हवे आहेत. राज्य सरकारने फडांसाठी अनुदानाची योजना केली आहे, पूर्णवेळ आणि हंगामी असा भेद करून. ती वाईट नाही. पण ती रक्कम मालकाच्या खात्यावर जाते आणि तिथून बहुधा सावकाराकडे. ढोलकीवाल्याची उचल होती तशीच राहते. सहकाराचं माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या या दोन जिल्ह्यांत साखर, दूध, द्राक्षं, हळद, सगळ्याला पतपुरवठा आहे. फडाला नाही, कारण तारण काय ठेवणार? तंबू?

यात २०२० आणि २०२१ चे दोन्ही जत्रा-हंगाम कोरोनाने गिळले. ज्यांचं सगळं वर्ष चैत्र-वैशाखावर उभं, त्यांची दोन वर्षं कोरी गेली. राज्य सरकारने २०२१ मध्ये सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली: द्यायचं कुणाला, याची यादीच कुणाकडे नव्हती. साखर कारखान्याकडे सभासदांची यादी असते, बाजार समितीकडे हमालांची असते. तहसील कचेऱ्यांनी कलावंत शोधायचे कुठे?

सरकारी आधारात सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचलेला म्हणजे वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन. १९५४-५५ पासून ते सुरू आहे. वर्षानुवर्षं राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्या होत्या, त्यांचे दर वेगळे, आणि कोण कुठल्या पातळीचा यावरून होणारे रुसवेफुगवे वेगळे. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, पातळ्या काढून टाकल्या आणि सरसकट दरमहा ५ हजार रुपये केले. वयाची अट ५० वर्षं, अपंगांना ४०. किमान १५ वर्षं कलेची सेवा. जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड. पातळ्या गेल्या हे उत्तम झालं. वगात आयुष्यभर राजा झालेला माणूस जिल्हास्तरीय की राज्यस्तरीय, हे ठरवायला बसलेल्या समितीचं मला नेहमी नवल वाटायचं.

उत्पन्नाची अट मात्र मजेशीर आहे. वर्षाला ६० हजारांपेक्षा जास्त उत्पन्न नसावं. मानधन महिन्याला ५ हजार, म्हणजे वर्षाला बरोबर ६० हजार. म्हणजे मानधन मिळेपर्यंत कलावंताने महिना ५ हजारांच्या आत भागवून दाखवायचं, तेव्हा कुठे तो आणखी ५ हजारांना पात्र. ज्याने हंगामात चार सुपाऱ्या जास्त केल्या त्याने खरा दाखला आणला तर तो बाद. शिवाय पुरावे. नाटकवाल्याकडे कात्रणं असतात, गायकाकडे प्रमाणपत्रं. चाळीस वर्षं हलगी वाजवलेल्या माणसाकडे काय असतं? हातावरचे घट्टे आणि कुठल्याशा जत्रा कमिटीने दिलेला नारळ. धनगरी गजातला, संबळवाला, पोतराज, वाघ्या-मुरळी, हे सगळे कागदाच्या परीक्षेत मागे पडतात आणि ज्याला अर्ज लिहिता येतो तो पुढे जातो.

याच्या शेजारी एक आकडा ठेवतो, कुणाला झोंबला तर इलाज नाही. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अलीकडच्या वर्षांत राज्य सरकार अशा संमेलनाला दोन कोटी रुपये देतं. त्या रकमेत तीनशे तेहतीस कलावंतांचं वर्षाचं मानधन बसतं. संमेलनं भरवू नयेत असं मी म्हणत नाही; पुस्तकं विकली जातात, माणसं भेटतात. पण एक सोहळा मंजूर व्हायला जितकी बैठक-सभा लागते तितकी मानधनाची रक्कम ठरवताना कधी झाल्याचं आठवत नाही.

पुरस्कारांचंही तसंच. सांगलीचं विष्णुदास भावे गौरवपदक हा रंगभूमीवरचा मोठा मान आहे, पहिलं पदक बालगंधर्वांना मिळालं. पण पदक मिळेपर्यंत मानकऱ्याचं नाव झालेलं असतं, कष्टाची वर्षं मागे पडलेली असतात. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची पंच्याण्णवी उलटल्यावर. पद्म पुरस्काराबरोबर पैसे नसतात. त्यांची लावणी ज्या काळात ऐन भरात होती त्या काळात त्यांना आधार होता तो फक्त बैठकीला येणाऱ्या रसिकांचा. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला आणि आठ वर्षांनी ते मुंबईत गेले ते ओढग्रस्तीतच. त्यांच्या नावाने १९८५ मध्ये विकास महामंडळ निघालं. ते मातंग समाजाला धंद्यासाठी कर्ज देण्याकरता, आणि त्या समाजात हलगी-बँडवाले शेकड्यांनी आहेत. पण शाहिराच्या नावाच्या महामंडळाच्या कागदांत कला हा धंदा म्हणून कुठे दिसत नाही, आणि २०१५ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराचं प्रकरण बाहेर आल्यावर महामंडळाची घडीच विस्कटली.

केंद्राच्या योजनांकडे वळलं तर मधल्या वर्षांसाठी काहीतरी आहे, हे मान्य करायला हवं. संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ शिष्यवृत्ती २५ ते ४० वयासाठी, महिना १० हजार. वरिष्ठ चाळिशीनंतर, महिना २० हजार. दोन्ही दोन वर्षांसाठी. १८ ते २५ च्या मुलांना महिना ५ हजार. गुरु-शिष्य परंपरेच्या अनुदानात गुरूला महिना १५ हजार आणि शिष्यांना त्यांच्या पायरीप्रमाणे. ऐकायला छान वाटतं. पण वरिष्ठ-कनिष्ठ मिळून शिष्यवृत्त्या साऱ्या देशात चारशे. त्या संशोधन प्रकल्पासाठी आहेत. दर सहा महिन्यांना अहवाल द्यायचा, तोही इंग्रजीत नाहीतर हिंदीत. गुरु-शिष्य अनुदान व्यक्तीला नाही, नोंदणीकृत संस्थेला मिळतं. दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद हवी, लेखापरीक्षण हवं. यातून जिल्ह्याच्या गावातला एखादा शास्त्रीय गायक किंवा प्रयोगशील नाटकवाला सुटून जातो. जतच्या ओवी गाणाऱ्याला हे कुणी सांगतही नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीची तर वेगळीच तऱ्हा. आदिलशाहीत तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवू लागले. फरीदसाहेबांपासून चालत आलेली ही कारागिरी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड तुणीचं, जवारी काढायला तयार कान. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांच्या स्मृतीचा संगीतोत्सव आजही होतो, आणि गायकांच्या दोन पिढ्यांनी तंबोरे इथूनच नेले. मग इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग फोनवरचं ॲप. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या झाल्या. मानांकनाने नाव जपलं जातं, गिऱ्हाईक आणावं लागतं ते वेगळं.

सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली: बिनतारणी कर्ज, ५ टक्के व्याज, अवजारांसाठी १५ हजार. अठरा कारागिरांची यादी आहे. त्यात वाद्य बनवणारा नाही. शस्त्रं बनवणारा मात्र आहे! म्हणजे शिकलगारांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तलवारी सोडून सतार हाती घेतली नसती तर आज त्यांना सरळ कर्ज मिळालं असतं. सुतार म्हणून नाव घालायची पळवाट आहे म्हणतात. घालावं लागेल. पण जवारी काढणाऱ्याला सुतार म्हणवून घ्यायची पाळी येणं ही यादी करणाऱ्याची चूक आहे.

नाटकाच्या बाबतीत सांगलीने स्वतःचा एक मार्ग कधीच काढला आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. राज्य हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, सांगली तिचं जुनं केंद्र. स्पर्धेत उतरणारे बँकेत, जिल्हा परिषदेत, शाळेत, कारखान्यात नोकरीला असतात. संध्याकाळी तालीम, सकाळी कामावर. म्हणजे या शहराच्या रंगभूमीला गेली सत्तर वर्षं खरं अनुदान दिलं आहे ते पगारी नोकरीने. चित्रकारांना ते दिलं शाळेतल्या ड्रॉईंग मास्तरच्या जागेने. आता कायम नोकऱ्या आटत चालल्या, कलाशिक्षकाच्या जागी तासिकेवरचे निदेशक आले, आणि खेड्यापाड्यातल्या पेंटरची पाटी फ्लेक्सने पुसली. कलेचं धोरण न बदलताही कलावंताचा आधार असा सुटत जातो. सांस्कृतिक खात्याच्या फायलीत याची नोंद सापडणार नाही.

उलट दिशेने थोडं काही आलं ते पडद्यावरून. वाई-मेणवलीत ‘स्वदेस’पासून हिंदी चित्रपटांची रीघ लागली, त्यातून गर्दीतली कामं मिळाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्यातल्या खेड्यात मुक्काम ठोकला आणि इथल्याच पोरापोरींना, इथल्याच बोलीत, नायक-नायिकेच्या शेजारची कामं दिली. मग आणखी मालिका आल्या. रोज चांगला असतो. मालिका संपते तेव्हा मात्र चेहरा घरोघरी ओळखीचा आणि हातात काम नाही, अशी अवस्था होते. मग मुंबई. सांगलीने आणि साताऱ्याने मुंबईला नट पुरवले, ते काही नवं नाही. भाव्यांपासून तोच रस्ता आहे.

बाहेरच्या जगात काय करतात? फ्रान्समध्ये नाटक-चित्रपटातल्या माणसाने वर्षभरात ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की रिकाम्या दिवसांत त्याला बेकार भत्ता मिळतो. तमाशाचा खेळ पाच तासांचा धरला तर १०२ रात्री झाल्या. पूर्णवेळ फडातला ढोलकीवाला तिथे सहज पात्र ठरला असता. हंगामी फडातला राहिला असता. आयर्लंडने २०२२ मध्ये चिठ्ठ्या काढून दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, वयाची आणि गरिबीची अट न घालता. ही श्रीमंत देशांची कौतुकं म्हणून सोडून देता येतील. जर्मनीची रीत मात्र आपल्या जवळची आहे. तिथे १९८३ पासून कलावंतांचा विमा आणि पेन्शन यांतला निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेला सरकार आणि त्याला काम देणारे प्रकाशक, नाट्यगृहं, वाहिन्या भरतात.

जवळची म्हणतो, कारण हे आपण केलेलं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्याला एक मालक नाही, रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, अशा हमालासाठी मंडळ काढलं. व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. ती चळवळ उभी करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलणाऱ्याला त्या कायद्याने संरक्षण आहे. त्याच यार्डाच्या गणेशोत्सवात रात्रभर ढोलकी वाजवणाऱ्याला नाही. दोघांचं काम सारखंच: मालक रोज नवा, मजुरी रोखीत, अंगमेहनत अफाट. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये वेगळा कायदा झाला, घरकामगारांसाठी २००८ मध्ये झाला. कलावंतांसाठी असं मंडळ काढायला नवी कल्पना सुचावी लागत नाही.

अडचणी आहेत. जत्रा कमिटी ही नोंदलेली संस्था नसते, पावती फाडत नाही. तिच्याकडून लेव्ही कोण वसूल करणार? पण जत्रेला पोलीस परवानगी लागते, ध्वनिक्षेपकाची लागते. परवानगीच्या अर्जाबरोबर सुपारीच्या दोन टक्क्यांची पावती जोडायला सांगणं अवघड नाही. मालिका, चित्रपट, महोत्सव यांचे हिशेब तर आधीच कागदावर असतात. फडमालक विरोध करतील, कारण नोंद झाली की उचलीचा आकडाही दिसेल. माझ्या मते तोच या मंडळाचा सगळ्यात मोठा फायदा. सुपारीची नोंद झाली की पन्नाशीला मानधन मागताना हलगीवाल्याला कात्रणं शोधावी लागणार नाहीत, आणि एखादी महामारी किंवा २०१९ सारखा कृष्णेचा महापूर आला तर तहसीलदाराला यादी तयार मिळेल. नोंद असलेल्या माणसाला पतसंस्थाही आषाढात पैसे देऊ शकते, हंगामाच्या पगारातून वळते करून. हे सगळं व्हायला मुंबईची वाट पाहावी लागेल. पण नोंदवही दोन्ही जिल्हा परिषदा येत्या पाडव्यापासून सुरू करू शकतात. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही, एक कारकून लागतो.